मागे सांगा

ज्या माणसाची उभी हयात बसस्थानकाच्या निवेदन कक्षात गेली, त्याला घरात कुणाला दार लावायला सांगायचं झालं तर तो काय म्हणणार? "कृपया लक्ष द्या. बाहेरचं दार उघडं राहिलेलं आहे. ज्यांनी ते उघडं टाकलं असेल त्यांनी ते त्वरित लावून घ्यावं, ही विनंती." आणि हे सगळं एका सुरात, शेवटचा शब्द हलकेच उचलून. मग छोटासा विराम घेऊन तेच वाक्य पुन्हा एकदा. स्थानकावर प्रत्येक सूचना दोनदा द्यायची असा नियम होता. माणूस निवृत्त होतो, नियम कुठे होतात?

म्हणून सगळे त्यांना कृपयाकाका म्हणत. खरं नाव फक्त पेन्शनच्या कागदांवर उरलं होतं. बायको ते कधी घेत नसे. तिचं सगळं 'अहो'वर भागत होतं.

ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या खुर्चीवर माणूस आला नाही, यंत्र आलं. यंत्रात एक बाई होती. तीही 'कृपया' म्हणायची, पण तिचा 'कृ' फार कोरडा. सुरुवातीला काका मुद्दाम स्थानकावर जाऊन तिला ऐकून यायचे आणि घरी येऊन तणतणायचे.

"वाक्यात दम कुठे घ्यायचा हेच कळत नाही तिला."

"तिला फुप्फुसं नाहीत, ती कशाला दम घेईल?" बायको म्हणायची. "तुम्हाला आहेत, तर तुम्हाला जिन्यातच लागतो."

हे मात्र खरं होतं. काका माइकसमोर बसून बसून चांगलेच पसरले होते. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांचा असा भाता व्हायचा, की दार उघडणाऱ्याला आधी श्वास ऐकू यायचा आणि मग घंटा. डॉक्टरांनी वजन, साखर आणि दाब या तिघांची नावं एका दमात घेतली, तेव्हा त्यांच्या डोक्यात सायकल आली. तरुणपणी कामावर ते सायकलनंच जात. आणि तसंही व्याही कधीपासून मागे लागलेच होते.

व्याही म्हणजे मुलीचे सासरे. दातांचे डॉक्टर, तेही आता निवृत्त. आयुष्यभर दुसऱ्याचं तोंड उघडं ठेवून स्वतः बोलत आलेला माणूस! प्रश्न विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या प्रश्नाला हात घालायचा, ही त्यांची जन्माची सवय. त्यातून कुणाची टोपी उडवायची असली की आधी हमखास म्हणायचे, "दुखणार नाही हं. जरासं मुंगी चावल्यासारखं." अंगानं शिडशिडीत, डोळ्यांवर गडद चष्मा, आणि पहाटे सायकलवाल्यांच्या चमूबरोबर बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर हवेशी गप्पा.

"या हो व्याहीबुवा आमच्यात! काय ते घरात फतकल मारून बसायचं!"

जावयानं आपली जुनी सायकल दिली. बारीक चाकांची, खाली वळलेल्या हँडलची. तिच्यावर बसलं की माणूस सतत काहीतरी सांडलेलं शोधत असल्यासारखा दिसायचा. सायकलबरोबर ती घट्ट चड्डीही आली, बुडाला गादी शिवलेली. काका ती चढवून आरशासमोर उभे राहिले. बायकोनं पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"अहो, हे घालून तुम्ही मुलीच्या सासऱ्यासमोर उभे राहणार?"

"तेही हेच घालतात."

"त्यांना लपवायला काही नाहीये."

सायकल चालवणं माणूस विसरत नाही म्हणतात. ते खरंच आहे. काकांचे पाय काहीच विसरले नव्हते. विसरलं होतं ते बाकीचं सगळं शरीर. पहिल्या दिवशी पहिल्याच चढावर त्यांच्या तोंडून असे आवाज निघाले, की पुढे चाललेल्या, चमूतल्या बँकवाल्या मॅडमना मागून ट्रक येतोय असं वाटलं आणि त्यांनी घाईघाईनं सायकल कडेला घेतली.

चमूची प्रमुख होती पोहायला शिकवणारी एक बाई. वयानं काकांच्या मुलीएवढी, पण आवाज तलावाच्या ह्या काठावरून त्या काठाला जाणारा. सगळे तिला कॅप्टन म्हणत. तिनं पहिल्याच दिवशी नियम सांगितला. "आपण एकामागे एक जातो. मागच्याला पुढचा रस्ता दिसत नाही, त्याला पुढच्याची फक्त पाठ दिसते. म्हणून पुढून जे येईल ते मागे सांगायचं. खड्डा, वाळू, गाडी, कुत्रं. जो मागे सांगत नाही, त्यानं आपल्यात यायचं नाही. बाकी दमा, थांबा, चालत या, काही म्हणणं नाही."

काका खुलले. हे तर त्यांचंच काम! लवकरच बँकवाल्या मॅडम पुढून ओरडल्या, "खड्डा!" काकांनी चाक वळवलं, छाती भरून घेतली आणि मागे येणाऱ्या व्याह्यांसाठी निवेदन सुरू केलं:

"कृपया लक्ष द्या, आपल्या डाव्या बाजूस..."

मागे धाडकन आवाज झाला.

"...खड्डा येत आहे."

"येत नाहीये, गेला!" व्याही कळवळून ओरडले. "माझ्या बुडाखालून गेला!"

थांब्यावर सगळे पोट धरून हसले. कॅप्टन म्हणाली, "काका, एक शब्द. फक्त एक."

काकांना ते फार जड गेलं. असा नुसता 'खड्डा' म्हणजे एखाद्याच्या अंगावर धावून गेल्यासारखं वाटे. ना विनंती, ना आभार! मग त्यांनी घरी सराव चालू केला.

"खड्डा!" ते न्हाणीघरातून गरजायचे.

"कुठाय?" बायको लगबगीनं यायची.

"वाळू!"

"झाडते की! ओरडताय कशाला?"

हळूहळू जमलं. आणि जमल्यावर काकांना त्याची अशी काही गोडी लागली, की विचारू नका. चढावर ते अजूनही सगळ्यांना जड व्हायचे, उतारावर घाबरायचे, पण 'गाडी!' म्हणून त्यांनी घंटेसारखा आवाज लावला की मागची माणसं एका सुरात डावीकडे सरकायची. ती यंत्रातली बाई हजार माणसांसमोर बोलायची आणि एकही मान वर व्हायची नाही. इथे मात्र त्यांच्या एका शब्दावर जिवंत माणसं वळत होती. काकांचं पोटही थोडं आत गेलं. ते जिना चढले की आता घंटा आधी ऐकू यायची.

रविवारी फेरीनंतर काका आणि व्याही, दोघंही व्याह्यांकडे चहाला यायचे. मुलगी आतून हाक मारायची, "बाबा!" दोन्ही माना वर. माहेरचे बाबाही बाबा आणि सासरचेही बाबाच.

"कुठला बाबा?" व्याही विचारायचे.

"ज्याला आधी ऐकू आलं तो," मुलगी म्हणायची, "त्यानं येऊन कप न्या."

असं सगळं छान चाललेलं, आणि मग तो पुलाजवळचा थांबा आला.

चढ चढून सगळे थांबले होते. काका नेहमीप्रमाणे मागाहून, सायकल हातात धरून चालत पोचले. व्याह्यांनी त्यांना येताना पाहिलं, हातातलं केळं माइकसारखं तोंडासमोर धरलं आणि म्हणाले, "दुखणार नाही हं, व्याहीबुवा." मग घसा खाकरून, थेट काकांच्याच सुरात, शेवटचा शब्द उचलून:

"कृपया लक्ष द्या. फलाट क्रमांक तीनवर येणारे कृपयाकाका, फुप्फुसातील तांत्रिक बिघाडामुळे, अनिश्चित काळ उशिरा धावत आहेत. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल त्यांच्या पोटाला खेद आहे."

हशा पिकला. बँकवाल्या मॅडमनी तर डोळे पुसले. काकाही हसले. नक्कल चांगलीच होती, काकांच्या कानाला तेवढं कळत होतं. इथवर ठीक होतं. पण व्याह्यांना थांबायचं कुठे ते कधी कळलंय? समोरच्यानं हात वर केल्याशिवाय दात कोरायचं यंत्र बंद न करणारा माणूस तो!

"म्हणून तर ह्यांच्या जागी मशीन बसवलं! तेच सांगतं, पण निम्म्या वेळात. आणि धापा टाकत नाही."

काका ह्यालाही हसले. सगळ्यांपेक्षा जास्त वेळ हसले.

पुढे उतार होता. रांग लागली. कॅप्टन पुढे, मग बाकीचे, मग मॅडम, मग काका, आणि शेवटी व्याही. वारा कानात भरत होता आणि काकांच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, निम्म्या वेळात, निम्म्या वेळात. एवढ्यात पुढून शब्द आला, माणसामाणसातून उड्या मारत: खड्डा, खड्डा, मग मॅडमचा स्वच्छ "खड्डा!" काकांना तो दिसलाही. गटाराच्या झाकणाशेजारी, चांगला परातीएवढा. त्यांनी चाक वळवलं. श्वासही घेतला. आणि तोंड मिटून घेतलं.

विचारावं की आता यंत्राला, असं त्यांच्या मनात आलं. एवढंच. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ.

मागे आवाज झाला तो ह्या वेळी धाडकन नव्हता. आधी लोखंडाचा, मग माणसाचा.

व्याही रस्त्यावर आडवे होते, एक खांदा भलत्याच जागी. काका सायकल टाकून धावले. इतक्या वर्षांत ते धावले नव्हते. कॅप्टन मागे आली, गुडघ्यावर बसली, आणि वर बघत तिनं काकांना विचारलं, "तुम्ही आवाज दिला होता ना?"

काकांनी तोंड उघडलं. पण त्यांच्याआधी खालून व्याहीच बोलले, दात आवळून:

"दिला असेल हो! ह्यांचा आवाज म्हणजे पलीकडच्या गावाला जातो. मलाच ऐकू आलं नाही."

काकांनी तोंड मिटलं. ही त्यांची दुसरी चुप्पी. पहिली पापणीएवढी होती. ही जी सुरू झाली ती संपेचना.

खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. हात झोळीत बांधून व्याही घरी आले आणि तिथून वेगळंच नाटक सुरू झालं. विहीणबाईंनी हिशेब मांडला: कृपयाकाकांचा आवाज, तोही एका सायकलच्या अंतरावरून, आणि ह्यांना ऐकू आला नाही? म्हणजे कानच गेले! "तरी मी म्हणतेय, एक सांगावं तर हे दुसरंच बोलतात." व्याही तर आयुष्यभर दुसरंच बोलत आले होते; पण आता त्याला कारण मिळालं.

मग सगळं घर त्यांच्याशी ओरडून बोलू लागलं. "अहोऽऽ! गोऽऽळी घेतली काऽऽ?" शेजारच्या इमारतीतल्या लोकांनाही व्याह्यांच्या गोळ्यांच्या वेळा पाठ झाल्या. मुलगी बिचारी मवाळ गळ्याची, ती सुद्धा मान ताणून "बाबाऽऽ!" करायला लागली. त्यामुळे एक सोय झाली. काका घरी आलेले असले की आता घोटाळा होत नसे. मोठ्यानं 'बाबा' म्हणजे सासरे. हळू 'बाबा' म्हणजे वडील.

कानांची तपासणी ठरली, तेव्हा काकांना हायसं वाटलं. कान चांगले निघतील, विषय संपेल, आपल्याला काही बोलावं लागणार नाही. पण कानांचे डॉक्टर म्हणाले, "वयोमानानं थोडं कमी आहे. या वयात सगळ्यांचंच असतं." विहीणबाईंनी यातलं पहिलंच वाक्य घरी आणलं. पाठोपाठ कानात घालायचं यंत्र आलं. ते घातलं की शिट्टी वाजायची, त्यात घरचे ओरडायचे, आणि व्याही मेंदूत खिळा ठोकल्यासारखे डोळे मिटून घ्यायचे. हळूहळू ते बोलायचेच थांबले. कुणी काही म्हटलं की नुसते हसायचे, हरवलेल्या माणसासारखे. काकांनी एकदा विचारलं, "बरं वाटतंय ना?" तर म्हणाले, "काय की हो. खरंच येत नसेल ऐकू. ऐकू येत नाही हे माणसाला कसं कळणार? ते ऐकू थोडंच येतं!"

तो विनोद होता. व्याही त्यावर हसलेसुद्धा नाहीत.

काकांनी सायकलीला हात लावायचं सोडलं. गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. बायकोनं काही दिवस पाहिलं आणि भाजी निवडता निवडता, वर न बघता म्हणाली, "त्या दिवसापासून तुम्ही घरात एकदासुद्धा 'कृपया' म्हणाला नाहीत."

"गुडघ्यामुळे."

"गुडघ्यानं बोलता होय तुम्ही?"

मग ती संध्याकाळ आली. व्याह्यांची सायकल पुतण्याला द्यायची ठरली होती. ऐकू न येणाऱ्या माणसानं मोठ्या रस्त्यावर काय करायचंय? सायकल मागच्या खोलीत भिंतीवर हुकाला टांगलेली. व्याह्यांचा एक हात झोळीत, मुलगा कामावर, म्हणून उतरवायला काकांना बोलावलं.

दोघं खोलीत गेले. मुलगी स्वयंपाकघरात होती. विहीणबाई खालच्या फाटकापाशी पुतण्याची वाट बघत होत्या. कानातलं यंत्र टेबलावर, त्याच्या डबीत. व्याह्यांनी चांगल्या हातानं सायकलच्या सीटवरची धूळ पुसली. मग पुसलेलीच जागा पुन्हा पुसली.

"पुतण्या उंच आहे," ते म्हणाले. "सीट वर करावी लागेल त्याला."

आणि खिडकीकडे जाऊन पाठमोरे उभे राहिले. सायकल उतरताना त्यांना बघायची नव्हती.

काकांनी दोन्ही हातांनी सायकल धरली. तोंड भिंतीकडे. व्याह्यांना ऐकू येत नाही, हे आता घरात सगळ्यांनी इतकं धरून चाललं होतं की काकांच्याही अंगवळणी पडलं होतं. आणि त्या आडोशाला, भिंतीला सांगावं तसे, ओठातल्या ओठात ते पुटपुटले:

"मला दिसला होता."

"काय दिसला होता?"

काकांच्या हातून चाक निसटून भिंतीवर आपटलं. व्याही वळले होते.

"तुम्हाला ऐकू आलं?"

"आलं म्हणून तर विचारतोय. काय दिसला होता?"

काकांनी टेबलावरच्या डबीकडे पाहिलं. ती मिटलेली होती.

"खड्डा," ते म्हणाले.

एकच शब्द. मागे नाही, पुढे नाही, कॅप्टनला हवा होता अगदी तसा. फक्त तो कित्येक आठवडे उशिरा धावत होता.

व्याह्यांना आधी फक्त अर्धंच कळलं. त्यांचा हात कानाकडे गेला आणि चेहरा असा उजळला की काकांना बघवेना. "म्हणजे तुम्ही... म्हणजे ऐकायला काही नव्हतंच! अहो, मग माझे कान..." आणि मग उरलेलं अर्धं पोचलं. हात खाली आला.

"का हो?"

"तुम्ही ते मशीनचं बोललात ना. पुलाजवळ." तोंडून निघाल्यावर ते किती एवढंसं वाटलं! इतके दिवस आत तेच डोंगराएवढं होऊन बसलं होतं.

"तेवढ्यासाठी?"

"तेवढ्यासाठीच."

व्याह्यांनी पुढच्या प्रश्नाला हात घातला नाही. एक प्रश्न विचारून उत्तर पुरतं ऐकून घ्यायची ही त्यांची बहुधा पहिलीच वेळ.

"दुखलं हो," ते शेवटी म्हणाले. कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि काकांची विचारायची छाती झाली नाही. मग झोळीतला हात सावरत त्यांनी दाराकडे मान उडवली.

"आता मागे सांगा."

"काय?"

"पुढून आलेलं मागे सांगायचं असतं ना? सांगा. स्वयंपाकघरापर्यंत."

काका सायकल भिंतीला टेकवून निघाले. खोलीपासून स्वयंपाकघर किती लांब! घरं काय फलाटांसारखी वाढतात? मुलगी ओट्याशी पाठमोरी होती. 

"त्यांना ऐकू येतं," ते म्हणाले. "मी आवाजच दिला नव्हता. खड्डा दिसला होता मला, तरी."

नळ चालू होता. मुलीनं तो बंद केला आणि वळली.

"काय म्हणालात?"

प्रत्येक सूचना दोनदा द्यायची असते. पहिल्यांदा बोलताना निदान पाणी तरी वाहत होतं. दुसऱ्यांदा काहीच नव्हतं. काकांनी तीच वाक्यं पुन्हा म्हटली, त्याच क्रमानं, आणि ह्या वेळी तिच्या डोळ्यांकडे बघत. पोरीचा चेहरा काही विशेष बदलला नाही. ती फक्त त्यांच्याकडे बघत राहिली, आपण लहानपणी ओळखायचो तो माणूस हाच का, अशी खात्री करून घ्यावी तसं. मग पदराला हात पुसून त्यांच्या बाजूनं निघून मागच्या खोलीत गेली. काकाही तिच्या मागोमाग गेले. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

व्याही खुर्चीत बसले होते. काका सायकलपाशी जाऊन खाली मान घालून उभे राहिले. ती आता द्यायची की नाही, हे विचारायचाही आपल्याला हक्क उरलाय का, असा विचार करत.

"बाबा," मुलगी म्हणाली.

हळू. अगदी हळू, तिच्या मूळच्या गळ्यात. इतक्या दिवसांत हळू 'बाबा' म्हणजे आपणच, ही काकांची सवय झाली होती. त्यांनी चटकन मान वर केली आणि म्हटलं, "हं?"

ती सासऱ्यांकडे बघत होती.

"चहा टाकू, बाबा?"

"टाक," व्याही तेवढ्याच हळू म्हणाले. "आणि खाली सांग, पुतण्याला म्हणावं सायकल जात नाहीये."

ती गेली. काकांनी मान पुन्हा खाली घातली, सायकल दोन्ही हातांनी उचलली आणि आवाज न करता हुकावर चढवायला घेतली.